आत बसणाऱ्याचं वजन

आप्पा, दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर फाइल घेऊन आली आणि तिनं विचारलं, "आजोबांचं वजन किती?" इंजेक्शनचा डोस ठरवायचा होता. पलंगाभोवती आम्ही चौघं उभे होतो. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, तुमची दोन्ही मुलं आणि मी, तुमची थोरली सून. चौघांनी एकमेकांच्या तोंडाकडं पाहिलं. अख्ख्या शिरूरचं वजन करणारं आपलं घर, आणि घरातल्या कर्त्या माणसाचं वजन एकालाही सांगता येईना.

तुमचे डोळे मिटलेले होते, पण कान उघडे होते. म्हणालात, "कधी तोललंच न्हाई."

उठवून काट्यावर उभं करावं अशी तुमची अवस्था नव्हती. डॉक्टरांनी डोक्यापासून पायापर्यंत एक नजर टाकली आणि सांगितलं, "अंदाजे पंचावन्न लिहा." सिस्टरनं लिहिलं. 'अंदाजे' ऐकल्यावर तुमच्या कपाळावर जी आठी पडली ती मी बघितली. सगळ्या आजारपणात सुयांनी पडली नव्हती ती आठी.

तुमची रीतसर माहिती भाऊजींनी पेपरला दिली. जन्म, गाव, शेती, मागे कोण कोण, सगळं आलंय. फोटोही बरा आलाय, फक्त टोपी वरून कापली गेली. मी इथं तसलं काही लिहीत नाही. तालुक्यातल्या दिवाळी अंकवाल्यांनी "आप्पांवर दोन पानं द्या" म्हटलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं, कारण लग्नात पंगती उठल्यावर बायकांचा घोळका करून घरातल्या गोष्टी सांगत बसते ती मीच. तुम्ही एकदा कुणाला तरी सांगत होतात, "सुरेखाला एक टनाची गोष्ट द्या, ती दोन टनाची करून बाहेर काढती." मी आत भाकरी थापत होते, मला ऐकू आलं होतं. तर आज जेवढं आहे तेवढंच तोलून सांगायचा प्रयत्न करते. तसंही पकडायला तुम्ही नसलात, तर वाढवून सांगण्यात मजा राहत नाही.

मी केंदूरची, शेतकऱ्याच्या घरातली. भुईकाटा म्हणजे काय हे लग्नाआधी लांबूनच बघितलेलं. ट्रक येतो, लोखंडी प्लॅटफॉर्मवर उभा राहतो, आत केबिनमध्ये बसलेला माणूस वजन बघून पावती देतो, ट्रक निघून जातो. एवढंच. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला आत्यांनी नवी साडी नेसायला लावली आणि सगळं घर काट्यावर चालत निघालं. मार्केट यार्डाच्या अलीकडं, जुन्या नगर रस्त्याला लागून आपला काटा. तुम्ही प्लॅटफॉर्मला हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मग म्हणालात, "चला, व्हा उभे."

सगळे प्लॅटफॉर्मच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला वाटलं नव्या सुनेचं वजन करतात की काय. आमच्याकडं गाय घेताना दात बघतात, ह्यांच्याकडं सून घेतल्यावर वजन करत असतील. मी जाऊन उभी राहिले आणि श्वास रोखून धरला. श्वास आत घेतला की वजन कमी भरतं, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

त्या वेळी इलेक्ट्रॉनिक आकडे नव्हते. केबिनमध्ये पितळी दांडी, तिच्यावर वजन सरकवत न्यायचं. तुम्ही सरकवताय, सरकवताय, आणि माझा चेहरा लाल. शेवटी खिडकीतून डोकं बाहेर काढून तुम्ही म्हणालात, "पोरी, श्वास सोड. ह्यो काटा पाच किलोच्या आत कुणाला वळखत न्हाई."

सगळे हसले. तुम्ही आत जाऊन ब्रश घेतलात आणि केबिनच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं त्या वर्षीचा आकडा लिहिलात. वर आधीच्या वर्षांचे आकडे होतेच. सगळ्या घराचं मिळून एक वजन. कुणाचं किती ते कुणालाच कळायचं नाही. मी त्या रात्री मनात तुमचे लाख आभार मानले.

ऋतुजा झाली त्या दसऱ्याला ती दोन महिन्यांची होती. मी तिला घेऊन उभी राहिले. तुम्ही आकडा वाचलात, परत वाचलात, आणि म्हणालात, "हिचं काय उमटलं न्हाई." आत्यांना ते अशुभ वाटलं. तुम्ही म्हणालात, "काट्याला कळली न्हाई म्हंजी आली न्हाई असं कुठं हाय? फुडल्या सालाला बघा, काटाच सांगंल." पुढच्या साली भिंतीवरचा आकडा वाढला. त्यात तिच्यापेक्षा माझाच वाटा जास्त होता, हे डिंकाच्या लाडवांना आणि मला माहीत.

मला काट्यावर तुम्ही बसवलंत. ह्यांना कंपनीत नोकरी लागली, भाऊजी भोसरीला गेले, आणि तुमच्या डोळ्याला मोतीबिंदू. सून ट्रकवाल्यांशी बोलणार, त्यांना पावत्या देणार, हे भावकीला पचेना. कुणीतरी तुम्हाला रसवंतीवर गाठून विचारलंच, "आप्पा, बाईमाणूस बसवलं व्हय काट्यावर?" तुम्ही रसाचा ग्लास संपवून म्हणालात, "मागल्या पंधरा वर्सांत काट्यानं मला एकदा बी इचारलं न्हाई, तू बाप्या का बाई." ही गोष्ट मला रसवंतीवाल्या नानांनी सांगितली. तुम्ही स्वतः कधीच सांगितली नाहीत. तुमच्या घरात राहून तुमच्याबद्दलच्या चांगल्या गोष्टी मला नेहमी बाहेरून कळल्या.

काम शिकवताना तुम्ही दोनच नियम सांगितलेत. एक, आकडा बघितल्याशिवाय तोंडातनं काढायचा नाही. दोन, अर्धी गाडी तोलायची नाही. दुसऱ्या नियमाचा अर्थ मला बरेच दिवस कळलाच नव्हता. अर्धी गाडी कोण कशाला आणेल?

मग गाड्या लांब व्हायला लागल्या.

आपलं भांडण गाड्यांच्या लांबीवरून सुरू झालं असं सगळ्यांना वाटतं. पण ते त्याच्याही आधीचं होतं. तुमचं एक शास्त्र होतं. गाव वाढतंय की नाही हे इमारती बघून कळत नाही, गाड्या बघून कळतं. रिकामी गाडी आली आणि भरून गेली, तर गाव काहीतरी पिकवतंय, बनवतंय. भरून आली आणि रिकामी गेली, तर गाव नुसतं खातंय. मी आले तेव्हा कांदा जायचा, गूळ जायचा, ज्वारी जायची. मग रांजणगावची एमआयडीसी वाढली आणि शिरूरला राहणारी माणसं वाढली. वाळू यायला लागली, खडी, सिमेंट, फरशा. प्लॅटफॉर्मवर भरलेले डंपर चढायचे आणि तासाभरानं रिकामे परत यायचे.

"गाव खायला लागलंय," तुम्ही म्हणायचात.

"आप्पा, बांधकाम होतंय म्हणजे वाढच की. दवाखाने झाले, शाळा झाली. ऋतुजाला लांब पाठवायला लागलं नाही."

"पोट सुटणं म्हंजी वाढ न्हवं, सुरेखा."

मी तीन दिवस चपात्या कमी खाल्ल्या. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तुम्ही गावाबद्दल बोलत होतात.

पण तुम्ही अडून बसणारे नव्हतात, हेही लिहायला पाहिजे. भंगाराच्या गाड्या सुरू झाल्या तेव्हा मला वाटलं तुम्ही नाक मुरडाल. पत्र्याच्या कातरणांनी भरलेला टेम्पो प्लॅटफॉर्मवर उभा होता आणि तुम्ही त्याच्याभोवती फेरी मारत होतात. "नवं कातरण हाय," म्हणालात, "गंज न्हाई. म्हंजी आत काम चाललंय. वाढलं तर चांगलंच हाय ह्ये." त्या दिवसापासून भंगारवाल्यांना चहा सुरू झाला. विकासावर भाषणं मी पुष्कळ ऐकली, फ्लेक्सही पुष्कळ वाचले, पण कंपनीचं बरं चाललंय की वाईट, हे तुम्ही तिच्या भंगारावरून सांगायचात, आणि ते माझ्या नवऱ्याला कंपनीत कळायच्या आधी आपल्याला केबिनमध्ये कळायचं. पहिल्यांदा ओव्हरटाइम बंद झाला, तेव्हा तुम्ही ह्यांना पंधरा दिवस आधी सांगितलं होतंत. ह्यांनी हसण्यावारी नेलं होतं.

ट्रेलरची गोष्ट मी पाहुण्यांना सांगते तेव्हा त्यात तुमचा अवतार जरा भयंकर करते. खरी गोष्ट अशी.

तुम्ही दौंडला पाहुण्यांच्या लग्नाला गेला होतात. दुपारी एक लांबलचक ट्रेलर आला, वर ताडपत्रीत बांधलेलं मशिन. आपला प्लॅटफॉर्म तीस फुटी. ट्रेलरची पुढची चाकं चढली, मागची रस्त्यावरच. मी म्हणाले, बसत नाही. ड्रायव्हर बिहारकडचा, हसतमुख. म्हणाला, "भाभीजी, आधा-आधा कर लो. सब जगह करते हैं." आधी पुढचं वजन घ्यायचं, मग गाडी पुढं घेऊन मागचं, आणि दोन्हीची बेरीज. मला ते एकदम पटलं. मी दोन आकडे घेतले, बेरीज केली, पावतीवर पेनानं लिहिली आणि त्याला दिली. मला स्वतःच्या हुशारीचं एवढं कौतुक वाटलं की मी चहा मागवून एकटीच प्यायले.

संध्याकाळच्या आत तुम्ही आलात. अंगावर लग्नातल्या अक्षता तशाच. पावतीची कार्बन कॉपी हातात घेतलीत.

"ह्या दोन गाड्या का येक?"

"एकच."

"मग वजनं दोन कशी?"

मी समजावून सांगायला लागले. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "तू आन् मी मिळून खाट उचलली, तर कोण किती उचलतंय ते कळंल का? जरा माझ्याकडनं उतार आला तर तुझ्याकडचं वझं माझ्याकडं येतंय. गाडी पुढनं वर, मागनं खाली. वजन इकडचं तिकडं सरकतंय. ती बेरीज न्हवं, अंदाज हाय."

"असेल पन्नास-शंभर किलोचा फरक."

"मग पावतीवर 'पन्नास-शंभर' लिवायचं हुतंस."

तुम्ही मोपेड काढलीत. मी म्हणाले, जा तुम्ही, मी थांबते. "चूक कुणाची?" म्हणालात, "बस मागं." बायपासच्या ढाब्यावर ड्रायव्हर जेवायला थांबणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. मोपेडवर पुढं तुम्ही काडीसारखे, मागं मी. चढ लागला आणि मोपेडनं मान टाकली. तुम्ही मागं न बघता म्हणालात, "उतर." मी उतरले. चढभर तुम्ही मोपेडवर हळूहळू पुढं आणि मी पदर खोचून मागं चालत. ओळखीची दोन माणसं भेटली. एकानं विचारलं, "काय वैनी, नवस का?"

ड्रायव्हर ढाब्यावर होता. तुम्ही त्याच्याकडनं पावती परत घेतलीत आणि त्याला धर्मकाट्याचा पत्ता दिलात, जिथं त्याची गाडी पुरी बसेल. तो म्हणाला, "चाचा, एक कागज़ के लिए इतनी दूर आए?" तुम्ही म्हणालात, "कागद तुमचा, नाव आमचं." त्याला मराठी कळलं नाही, पण त्यानं उठून तुम्हाला खुर्ची दिली.

आठ दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोललात. नवव्या दिवशी मीच म्हणाले, "आप्पा, चूक माझी. पण काटा लहान आहे ही पण चूकच आहे. आणि ती माझी नाही."

आपलं भांडण काट्यावर आलं ते त्या दिवशी आणि पाच-सहा वर्षं चाललं.

काटा गावात अडकला होता. बायपासनं मोठ्या गाड्या बाहेरून जायला लागल्या. कंपन्यांनी स्वतःचे काटे बसवले. आपल्या डावीकडं मोबाइलचं दुकान झालं, उजवीकडं जिम. जिममधली पोरं घामाघूम होऊन बाहेर येतात आणि गंमत म्हणून प्लॅटफॉर्मवर उड्या मारतात. पितळी दांडीच्या जागी आलेल्या इंडिकेटरचा आकडा नाचतो. त्यांना मी किती वेळा रागावले असेन. काही गाड्या अजून येतात, पिकअपमधला कांदा येतो, भंगार येतं. पण दिवसदिवस केबिनमध्ये पंखा आणि मी.

ह्यांचं म्हणणं सरळ होतं. काटा काढून टाकू, खाली गाळे, वर हॉल. बारशी, साखरपुडे होतील. माझं म्हणणं दुसरं. माझा भाऊ कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला आहे. तो सांगायचा की तिकडच्या गाड्या दौंडवरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं रांजणगावकडं येतात, आणि मध्ये साठ फुटी गाडी तोलेल असा चांगला काटा नाही. त्या रस्त्याला जागा बघितली मी. मालक माझ्या माहेरकडचे. काटा बंद करायचा नाही, फक्त हलवायचा, साठ फुटी करायचा.

तुम्ही ह्यांना 'नाही' म्हणालात. मला 'हो' म्हणाला नाहीत.

"गाव सोडून काटा?" तुम्ही विचारलंत.

"गावच काट्याला सोडून गेलंय, आप्पा."

हे बोलून मी स्वतःच दचकले. तुम्ही टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीत, पुन्हा घातलीत. आषाढात शेवटचं विचारलं तेव्हा म्हणालात, "दसऱ्याला सांगतो." जागेच्या मालकांनाही मी तेच कळवलं. ते म्हणाले, "थांबतो ताई, पण दसऱ्यापर्यंतच. दुसरं गिऱ्हाईक हाय."

आणि गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

दवाखान्यातल्या शेवटच्या संध्याकाळी तुमच्याजवळ मी एकटीच होते. तुम्ही विचारलंत, "आज किती गाड्या?"

"बारा," मी म्हणाले.

त्या दिवशी चार आल्या होत्या. तुमचा पहिला नियम मी तुमच्या उशाशी बसून मोडला. तुम्ही जरा वेळानं विचारलंत, "भरून किती, रिकाम्या किती?" मी घाईघाईनं सांगितलं, "सात भरून गेल्या, पाच रिकाम्या." तुम्ही डोळे उघडून माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "भरलेल्या जरा जास्तच सांगितल्यास." आणि हसलात. मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले. परत आले तर तुम्ही झोपला होतात. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही. तर ते इथं लिहून टाकते: चार आल्या होत्या. तीन पिकअप कांद्याच्या होत्या आणि एक भंगाराचा टेम्पो. पत्रा नवा होता.

दहाव्याला घोडनदीच्या घाटावर सगळे जमलो. पिंड ठेवला. मी आधीच ठरवून गेले होते. कावळा शिवला नाही की लोक विचारतात, काय राहिलंय बोला, आणि घरचे पुढं होऊन शब्द देतात. तेव्हा मी पुढं होणार आणि मोठ्यानं काट्याचं विचारणार, म्हणजे सगळ्यांसमोर निकाल लागेल. पण पिंड ठेवून आम्ही दहा पावलंही मागं आलो नव्हतो, तोवर कावळा खाली आला, शिवला, आणि घास घेऊन गेला. सगळ्यांनी हात जोडले. "आप्पा तृप्त गेले," लोक म्हणाले. "काही इच्छा राहिली नव्हती."

मला राग आला, आप्पा. खोटं कशाला सांगू? तुमची राहिली नसेल, माझी राहिली होती. पाच वर्षं उत्तर अडवून ठेवायचं आणि शेवटी एवढ्या चटकन मोकळं व्हायचं? पंगतीत जाऊबाईंनी विचारलं, "ताई, एवढं का रडताय?" मी सांगितलं नाही की त्यातलं निम्मं चिडून आहे.

घाटाच्या पायऱ्या चढताना मला दम लागला, मी मध्ये थांबले, आणि तिथं मला ते सुचलं. तुमचाच नियम. अर्धी गाडी तोलायची नाही. मग अख्खी गाडी तोलायची असेल तर काटा लांब पाहिजे, आणि लांब काटा गावात बसत नाही. बाकी काही बोलायची गरजच नव्हती. मी तुम्हाला बायपास सांगितला, कुरकुंभ सांगितलं, गिऱ्हाईक सांगितलं, सगळा विकास सांगितला, आणि तुमचं एक वाक्य तुम्हाला परत ऐकवलं नाही. ते ऐकवलं असतं तर तुम्ही टोपी काढली असतीत, गुडघ्यावर ठेवली असतीत, आणि तुम्हाला पुन्हा घालता आली नसती. भांडणात मला उत्तर नेहमीच उशिरा सुचतं. या वेळी जरा जास्तच उशीर झाला.

की तुम्हाला ते आधीच दिसलं होतं, आणि मला कधी दिसतंय याची तुम्ही वाट बघत होतात? हे आता कळायचा मार्ग नाही. मी अंदाज लिहीत नाही.

दसरा आला. वर्षभर सण करायचा नाही म्हणून ह्यांनी काटाही बंद ठेवायचं ठरवलं. आत्या म्हणाल्या, "आपल्याला सुतक हाय. काट्याला कसलं सुतक?" मग गोडधोड काही केलं नाही, पण पूजा केली. भोसरीहून भाऊजी, जाऊबाई आणि त्यांची दोन्ही मुलं आली. ऋतुजा पुण्याहून सुट्टी काढून आली. तिनं केबिनच्या भिंतीचा फोटो काढला, कारण काटा हलो किंवा गाळे होवोत, ती भिंत कुणी उचलून नेऊ शकणार नव्हतं. पहिल्या फोटोत ट्यूबलाइटची चमक येऊन मधली चार वर्षं गेली, म्हणून दुसरा काढला.

सगळे प्लॅटफॉर्मवर जाऊन उभे राहिले. मीही राहिले, सवयीनं श्वास रोखून. आणि सगळे खिडकीकडं बघत थांबले. केबिन रिकामी होती.

तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं, की इतकी वर्षं तुम्ही त्या आकड्यात नव्हतातच. आम्हाला तोलायला कुणीतरी आत बसावं लागतं, आणि आत बसलेला तोलला जात नाही. भिंतीवर सगळं घर होतं. तुमच्याशिवाय. दवाखान्यात त्या सिस्टरला आम्ही काय सांगणार होतो?

ह्यांनी चप्पल घातली. "मी वाचतो आकडा."

"तुला आकडा वाचता येतो रं, काटा न्हाई," आत्या म्हणाल्या. "सुरेखा बसंल."

मी उतरले, केबिनमध्ये गेले, तुमच्या खुर्चीत बसले. रोजच बसते, पण त्या खिडकीतून सगळ्या घराला एकदम कधी बघितलं नव्हतं. तुम्हाला दर वर्षी असं दिसत होतो होय आम्ही? ऋतुजा आत्यांचा हात धरून उभी होती. भाऊजींचं धाकटं उगाच उड्या मारत होतं. "गप उभा राहा," मी ओरडले, आणि आकडा थांबायची वाट बघितली. थांबला. बघून घेतला, मग तोंडातनं काढला. "चारशे पाच."

मागच्या दसऱ्याचा तुमच्या हातचा आकडा होता चारशे पंच्याऐंशी. मी त्याच्याखाली लाल रंगानं चारशे पाच लिहिलं. माझा पाच तुमच्यासारखा आला नाही, पोट जरा मोठं आलं.

रसवंतीवाले नाना दर वर्षी आकडा बघायला येतात. आले. भिंतीपुढं बराच वेळ उभे राहिले, बोटांवर वजाबाकी केली, आणि टोपी काढून म्हणाले, "ऐंशी किलो. आप्पा गेले आन् ऐंशी किलो उतरलं. दिसायला काडी, पण केवढा भरायचा गडी. आपल्याला कवा कळलंच न्हाई."

मागं ऋतुजानं तोंडावर ओढणी धरली. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पटकन दुसरीकडं बघितलं. ते ऐंशी किलो कुणाचे हे त्या केबिनमध्ये नाना सोडून सगळ्यांना कळलं होतं. इतकी वर्षं त्या भिंतीनं माझं वजन झाकून ठेवलं होतं, आणि पहिल्यांदा मी आत बसले तर ते उघडं पडलं.

मी नानांना काही सांगितलं नाही. तुमचं वजन कुठंच नोंदलेलं नाही. दवाखान्याच्या फाइलीवर आहे, तेही अंदाजे. तर हे असू दे तुम्हाला. बघून घेतलेलं आहे, अंदाज नाही.

नाना गेल्यावर मी जागेच्या मालकांना फोन लावला.

"बोला ताई. काय ठरलं?"

"घेते."

"घरात इचारलं का?"

"विचारलं."

"मग काटा केवढा बसवणार त्ये सांगा. रस्त्यापासनं तेवढी जागा मोकळी ठिवायला लागंल."

साठ फुटी म्हणणार होते. प्लॅटफॉर्मवर ह्यांनी घातलेली झेंडूची माळ वाऱ्यानं सरकत होती, आणि एक पिकअप कांदा भरून फाटकातून आत वळत होती.

"अख्खी गाडी बसंल एवढा," मी म्हणाले.